जुन्या एकबारी रायफलींवरची भरवशाची पुस्तकं : सोलापुरात बसून कशी शोधायची, कशी पारखायची

माझ्या भाच्याला त्यांच्या जुन्या घराच्या माळ्यावर, पितळेची भांडी ठेवलेल्या ट्रंकेत एक फोटो सापडला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. फेटा बांधलेले त्याचे पणजोबा पोलिसाच्या पोशाखात ताठ उभे आहेत आणि उजव्या हाताशी रायफल, दस्ता जमिनीला टेकवलेला. पोरानं मोबाइलवर फोटो टाकून शोध घेतला. पहिलं उत्तर आलं ‘थ्री नॉट थ्री’, दुसरं ‘ब्रिटिश मस्केट’, तिसऱ्यात तर ती ठासणीची बंदूक असल्याचं म्हटलं होतं. रविवारी तो फोटो घेऊन माझ्याकडे आला. “मामा, तुम्हीच बघा की. नक्की कुठली आहे ही?”

मी भिंग लावलं. वर-मागे खेचायचा बोल्ट नाही. बाजूला घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसाच्या दिशेनं आपटणारा तुकडा, नाही. चापाभोवतीच्या कडीमागून एक लोखंडी तरफ निघून दस्त्याच्या मानेखाली चिकटून गेलेली. एवढ्यावरून ती मार्टिनी घराण्यातली, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल, हे सांगता आलं. पण ‘मार्टिनी घराण्यातली’ हे काही ‘नक्की कुठली’चं उत्तर नव्हे. त्याला पुस्तक लागतं आणि तेही भरवशाचं. त्या एका फोटोनं आम्हा दोघांना बरेच महिने पुस्तकांच्या मागे फिरवलं. त्यातून जे हाती लागलं ते इथं सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्या भागात असे फोटो आणि असे प्रश्न बऱ्याच घरांत आहेत.

आधी प्रश्न नीट बांधा

आपण बोलताना ‘एकनळी’ आणि ‘दुनळी’ म्हणतो. इथंच पहिली गफलत होते. एकनळी म्हणजे नळी एक, बस्स. छऱ्याची शेतावरची बंदूक एकनळी असते आणि पेटीत पाच-दहा काडतुसं मावणारी बोल्टची रायफलही एकनळीच. आपल्याला हवी आहे ती एकबारी : एक बार काढला की रिकामं काडतूस बाहेर, आणि दुसरं हातानं भरल्याशिवाय पुढचा बार नाही. इंग्रजी पुस्तकांत हिला ‘सिंगल शॉट’ म्हणतात. ‘सिंगल बॅरल’ असं शोधलंत तर छऱ्याच्या बंदुकांचा ढीग समोर येईल आणि आठवडा वाया जाईल.

पुस्तक शोधायला बसण्याआधी एका कागदावर दिसतं तेवढंच लिहा. तरफ आहे का, कुठं आहे, घोडा बाहेर आहे का, नळीभोवती लाकूड कुठपर्यंत आहे, लाकूड नळीला बांधून ठेवणाऱ्या कड्या किती, कुठं अक्षरं किंवा शिक्के दिसतात का. ‘मला वाटतं’ असलेलं काहीही त्या कागदावर नको. भाच्यानं पहिल्या कागदावर ‘इंग्रजांची बंदूक’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. इंग्रजांची होती हे फोटोत दिसत नव्हतं. ते आपण गृहीत धरलं होतं.

घराणी ओळखली की अर्धं काम होतं

१९व्या शतकाच्या मध्यापासून नळी मागून उघडून काडतूस भरायच्या अनेक तऱ्हा निघाल्या. पुस्तकं याच तऱ्हांप्रमाणे वाटलेली असतात, म्हणून हे आधी.

एक तऱ्हा म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा सरळ खाली सरकणारी. अमेरिकेत ख्रिश्चन शार्प्सचं पेटंट १८४८चं, जॉन ब्राउनिंगचं १८७९चं. हेच ब्राउनिंगचं यंत्र पुढं विंचेस्टर कंपनीनं विकत घेतलं आणि ‘मॉडेल १८८५’ या नावानं विकलं. ब्रिटनमधली याच जातीतली नावाजलेली रचना स्कॉटलंडच्या जॉन फार्कसनची, १८७२ची. शिकारीच्या रायफलींत ती फार मानली जायची.

दुसरी तऱ्हा झुकणाऱ्या ठोकळ्याची. तरफ खाली ओढली की ठोकळ्याचं पुढचं तोंड खाली झुकतं, काडतूस वरच्या पन्हाळीतून आत ढकलायचं, तरफ वर दाबली की तोंड बंद. मूळ कल्पना अमेरिकेतल्या हेन्री पीबडीची, पेटंट १८६२चं. पण पीबडीच्या रायफलीला बाहेर घोडा होता. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिड्रिश फॉन मार्टिनीनं तो काढून ठोकळ्याच्या पोटातच स्प्रिंगवरची टोचणी बसवली. ब्रिटिश सैन्यानं त्याला अलेक्झांडर हेन्रीची आट्यांची (आतून पिळाच्या खाचा असलेली) नळी जोडली आणि १८७१मध्ये मार्टिनी-हेन्री स्वीकारली. आमच्या फोटोत बाहेर घोडा नव्हता, त्याचं कारण हे.

बाकीच्यांपैकी रेमिंग्टनचा गोल फिरणारा ठोकळा आणि बिजागरीनं बाजूला उघडणारी स्नायडर एवढी नावं लक्षात ठेवा. स्नायडर ब्रिटिशांनी १८६६मध्ये, जुन्या ठासणीच्या एन्फील्ड बंदुका कापून-जोडून तयार केली. हिला बाजूला मोठा घोडा असतो, त्यामुळे ती ठासणीचीच वाटते. फसू नका.

कुठलं पुस्तक कशासाठी

‘सगळ्या रायफलींचा विश्वकोश’ छापाची जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तकं पहिल्यांदा हाती येतात. चित्रं पाहायला ती चांगली आहेत. पण एका पानात सहा रायफली उरकणाऱ्या पुस्तकाला मार्क २ आणि मार्क ३ (एकाच रायफलीच्या क्रमानं सुधारलेल्या आवृत्त्या) मधला फरक सांगायला जागाच नसते. एका घराण्याला वाहिलेलं पुस्तक शोधा.

अमेरिकन एकबारी रायफलींसाठी सुरुवात जेम्स जे. ग्रँट यांच्यापासून होते. १९४७मध्ये त्यांचं ‘सिंगल-शॉट रायफल्स’ आलं आणि मग १९५९, १९६७, १९७९ असं करत त्यांनी या विषयावर पुस्तकांची रांगच लावली. ग्रँट हे रायफली जमवणारे होते. ज्या रायफली स्वतः हाताळल्या त्यांवर लिहायचे आणि आधीच्या पुस्तकात चुकलेलं पुढच्यात दुरुस्त करायचे. म्हणून त्यांचं फक्त पहिलं पुस्तक वाचून थांबू नये. यंत्र आतून कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल तर फ्रँक डी हास यांचं १९६९चं ‘सिंगल शॉट रायफल्स अँड ॲक्शन्स’ मला जास्त आवडतं. मिस्त्री जसा एकेक भाग सुटा करून समोर मांडतो तशी त्यांची रीत आहे. फक्त शार्प्सवर हवं असेल तर फ्रँक सेलर्स यांचं १९७८चं, विंचेस्टरवर हवं असेल तर जॉन कॅम्पबेल यांचं.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडच्या घरात किंवा जुन्या फोटोत अमेरिकन रायफल निघायची शक्यता फार कमी. आपला खरा विषय ब्रिटिश लष्करी आणि पोलिसी रायफली. त्यासाठी बी. ए. टेंपल आणि इयन स्केनर्टन यांचा ‘अ ट्रीटीज ऑन द ब्रिटिश मिलिटरी मार्टिनी’ हा ग्रंथ. पहिला भाग १९८३चा, त्यात मार्टिनी-हेन्री. दुसरा १९८९चा, त्यात पॉइंट ४० आणि पॉइंट ३०३ इंची (म्हणजेच ‘थ्री नॉट थ्री’) काडतुसांच्या मार्टिनी. स्नायडरवर स्केनर्टन यांचंच वेगळं पुस्तक आहे. ब्रिटिश शिकारी रायफलींसाठी जोनाथन कर्टन यांचं १९८५चं, खाली सरकणाऱ्या ठोकळ्यांवरचं पुस्तक. एकाच पुस्तकाला पैसे असतील आणि प्रश्न आपल्या मातीतला असेल तर मी टेंपल-स्केनर्टनचा पहिला भाग घ्या म्हणेन.

एक सापळा सांगून ठेवतो. ‘हिंदुस्थान’ आणि ‘बंदुका’ असं शोधलं की डी. एफ. हार्डिंग यांचे ईस्ट इंडिया कंपनीच्या लहान शस्त्रांवरचे चार खंड समोर येतात. काम अफाट आहे, कंपनीच्या कागदपत्रांतून उपसून काढलेलं. पण ते १६०० ते १८५६पर्यंतचं आहे. मार्टिनी त्यानंतर १५ वर्षांनी आली. त्या खंडांत ती कशी सापडणार? पुस्तकाच्या नावातली सालं आधी वाचा आणि मग खिशात हात घाला.

पुस्तक पालटून बघा

सोलापुरात चादर घेताना जाणता माणूस ती आधी पालटतो. जॅकार्डवर विणलेल्या चादरीची नक्षी मागच्या बाजूलाही असते, फक्त रंग उलटे. वरून छापलेल्या चादरीची पाठ फिकी निघते. पुस्तकालाही हीच रीत लावा. मुखपृष्ठ राहू द्या, आधी शेवटची वीस-तीस पानं उघडा.

तिथं टिपा आहेत का? नुसती संदर्भग्रंथांची यादी असणं वेगळं आणि अमुक वाक्य अमुक कागदावरून घेतलं हे सांगणारी टीप वेगळी. यादी कुणीही जोडतो. ब्रिटिश लष्करी रायफलींसाठी तर अगदी नेमकी खूण आहे. त्या काळी लष्करी सामानात जो बदल मंजूर होई, तो ‘लिस्ट ऑफ चेंजेस’ नावाच्या अधिकृत यादीत क्रमांक घालून छापला जाई. एखादा स्क्रू बदलला तरी त्याचा परिच्छेद असे. जाणता लेखक ‘मार्क २ मध्ये चाप बदलला’ असं लिहून थांबत नाही, यादीतला परिच्छेद क्रमांक आणि तारीख देतो. पुस्तकात हे क्रमांक दिसले की समजा, माणूस मुळापर्यंत जाऊन आला आहे.

मग सूची. ज्यात विषयसूची नाही त्या पुस्तकाचा संदर्भ म्हणून उपयोग अर्धाच. आणि फोटोंखालच्या ओळी वाचा. ही वस्तू कुठल्या संग्रहातली, हे लिहिलंय का? ब्रिटनमध्ये प्रत्येक मंजूर शस्त्राचा नमुना जपून ठेवणारी ‘पॅटर्न रूम’ होती. तो संग्रह आता लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे आहे. त्या नमुन्यावरून काढलेला फोटो आणि कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतला फोटो यांचं वजन सारखं नसतं. बैठकीतल्या रायफलीचे भाग शंभर वर्षांत किती वेळा अदलाबदल झाले असतील, कोण सांगणार.

एवढं झालं की परीक्षा घ्या. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं माहीत आहे असा प्रश्न पुस्तकाला विचारायचा. मी चार प्रश्न वापरतो.

पहिला : रेमिंग्टनचा फिरता ठोकळा कुणी शोधला? ‘रेमिंग्टननं’ असं उत्तर देणारं पुस्तक वरवरचं. मूळ पेटंट लेनर्ड गायगर याचं, १८६३चं, आणि ते सुधारून रेमिंग्टनच्या कारखान्यात चालतं केलं जोसेफ रायडरनं. दोन्ही नावं आली पाहिजेत.

दुसरा : विंचेस्टरची एकबारी रायफल कधीची? ‘१८८५’ हे विक्रीचं साल झालं. पेटंट ७ ऑक्टोबर १८७९चं, क्रमांक २२०,२७१. विंचेस्टरनं घेण्याआधी ब्राउनिंग बंधूंनी युटामधल्या ऑग्डेन गावी स्वतः काही शे रायफली बनवल्या होत्या. पेटंट, मंजुरी, उत्पादन आणि रायफलीवर ठोकलेलं साल या चार तारखा वेगवेगळ्या असतात. त्या एकमेकींत मिसळणाऱ्या लेखकावर विसंबू नका. हे सगळ्यात मोलाचं वाटतं मला, कारण आपल्याकडचे बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. रायफलीवर १८८१ कोरलंय म्हणून ती ‘१८८१ची बनावट’ ठरते खरी, पण ती आपल्या भागात १८८१मध्ये होती असं त्यावरून मुळीच ठरत नाही.

तिसरा : मार्टिनीच्या यंत्रात पीबडीचा वाटा सांगितलाय का? सांगितला असेल तर बाहेरचा घोडा कुणी काढला हेही नीट आलंय का?

चौथा प्रश्न दंतकथेचा. २२ जानेवारी १८७९ला दक्षिण आफ्रिकेतल्या इसांडलवानाच्या लढाईत तिथल्या झुलू लोकांनी ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. काडतुसांच्या पेट्या स्क्रूनं बंद होत्या, स्क्रू-ड्रायव्हर सापडेना, म्हणून मार्टिनी-हेन्री हातात असून सैनिक मेले, ही गोष्ट कितीतरी पुस्तकांत आहे. प्रत्यक्षात पेटीच्या मधल्या सरकत्या झाकणाला एकच स्क्रू असे आणि कडेला दणका दिला की ते झाकण उखडत असे. जे पुस्तक ही गोष्ट तशीच्या तशी उतरवतं त्यानं बाकीचंही तपासून घेतलं नसणार, असं मी धरून चालतो.

पेटंट तपासायला कुणाची परवानगी लागत नाही. अमेरिकन पेटंटं गुगल पेटंट्सवर क्रमांक टाकला की मूळ चित्रासकट उघडतात. पीबडीचं ३५,९४७ उघडून बघा. २२ जुलै १८६२ची तारीख आणि ठोकळ्याचं रेखाचित्र समोर येईल. ते चित्र पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा भाचा पहिल्यांदा म्हणाला, “मामा, आता कळलं हे कसं चालतं ते.”

किमतींच्या मार्गदर्शिका या परीक्षेला बसवूच नका. त्या बाजारासाठी असतात, तेही अमेरिकेच्या. आणि जुन्या कारागिरांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं वाचताना लेखकाचं दुकान विसरू नका. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचं ‘द गन अँड इट्स डेव्हलपमेंट’ पहिल्यांदा १८८१मध्ये आलं, नववी आवृत्ती १९१०ची. बंदूक कशी घडते हे इतकं जवळून सांगणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. पण ग्रीनर बर्मिंगहॅमचे बंदूक कारखानदार होते. प्रतिस्पर्ध्याच्या मालाबद्दल त्यांचं मत वाचताना हे ध्यानात असू द्या.

सोलापुरातून कुठं पोचता येतं

आधी घरातूनच. इंटरनेट अर्काइव्हवर ग्रीनरच्या जुन्या आवृत्त्या आणि ब्रिटिश काळातली शस्त्रविषयक सरकारी पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. कॉपीराइट असलेली काही पुस्तकं तिथं खातं उघडून थोड्या वेळासाठी वाचायला घेता येतात. गुगल बुक्सवर पूर्ण पान दिसलं नाही तरी शब्द शोधता येतो. दोन-तीन ओळींचा तुकडा आणि पान क्रमांक दिसतो. हे पुस्तक आपल्या कामाचं आहे का, एवढं कळायला तो तुकडा पुरतो. जगातल्या कुठल्या ग्रंथालयात प्रत आहे ते वर्ल्डकॅटवर पाहा.

आपल्या गावाच्या बाबतीत एक युक्ती. इंग्रजी कागदपत्रांत सोलापूरचं स्पेलिंग ‘शोलापूर’ असं, एस नंतर एच घालून आहे. नव्या स्पेलिंगनं शोधाल तर १९व्या शतकातलं जवळजवळ काहीच सापडणार नाही. जुन्या स्पेलिंगनं शोधलं की १८८४चा बॉम्बे गॅझेटिअरचा २०वा खंड, जो आपल्या जिल्ह्याचा आहे, लगेच वर येतो. या गॅझेटिअरांत पोलिसांची संख्या, त्यांचे पगार आणि त्यांपैकी किती जणांना बंदुका दिल्या होत्या याचा हिशेब असतो. तो रायफलीवरचा ग्रंथ नव्हे. पण रायफलीवरच्या ग्रंथानं ‘पोलिसांना दिल्या’ असं मोघम लिहिलं असेल तर आपल्या जिल्ह्यापुरतं ते पडताळायला हाच आधार. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही त्याच जुन्या स्पेलिंगनं धुंडाळा.

मग पायी. हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात मार्टिनीवरचं पुस्तक मिळेल या आशेनं जाऊ नका. जा ते ग्रंथपालांशी बोलायला. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल हे सगळं स्वच्छ अक्षरात लिहून नेलंत तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं का, निदान तिथं चिठ्ठी कुणाच्या नावानं द्यायची, हे ते सांगतात. ‘बंदुकांवर काही आहे का?’ असं विचारणाऱ्याला कुणीच मदत करू शकत नाही.

मुंबईला जायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून सकाळी उतरावं आणि टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय गाठावं. ब्रिटिशकालीन लष्करी आणि प्रशासकीय छापील साहित्यासाठी ते उत्तम. १९५४च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानं भारतात छापलेल्या पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा होतात खऱ्या, पण आपली बहुतेक पुस्तकं लंडन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात छापलेली. त्यामुळे तिथं असतीलच असं धरू नका, आधी सूची पाहा. हैदराबादकडे जाणं झालं तर सालारजंग संग्रहालय आहेच आणि रविवारी ॲबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथं ठरवून काही मिळत नाही. पण डोळे उघडे ठेवून दोन तास फिरायला मला कधीच कंटाळा आलेला नाही.

आणि अक्कलकोट. स्वामींच्या दर्शनाला आपण जातोच. तिथल्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय मात्र बरेच जण न बघता परततात. पुस्तक वाचून झाल्यावर जा, आधी नको. घराणी डोक्यात बसली की काचेपलीकडच्या रायफलीत तरफ, घोडा, कड्या आपोआप दिसायला लागतात. पाटीवर जे लिहिलंय ते आणि आपल्याला दिसतंय ते जुळतं का, हे तपासणं हीच उत्तम उजळणी.

विकत घेताना

मी स्वतः एकदा फसलो. एका जुन्या ग्रंथाची ‘नवी आवृत्ती’ ऑनलाइन मागवली, किंमत बरी होती. पार्सल उघडलं तर ती जुन्या प्रतीची स्कॅन करून काढलेली छपाई. मूळ पुस्तकातली घडीची मोठी चित्रं स्कॅन करणाऱ्यानं उलगडलीच नव्हती. घडी मिटलेलीच छापली होती. मार्टिनीच्या यंत्राचा उभा छेद जिथं असायला हवा होता तिथं कागदाची करडी पाठ आणि चित्राच्या खालची अर्धी ओळ. परत पाठवायला गेलो तर खर्च किमतीएवढा.

तेव्हापासून विक्रेत्याला आधी लिहितो. नावाच्या पानाची मागची बाजू, म्हणजे जिथं प्रकाशक आणि छपाईचं साल असतं ते पान, सूचीचं एक पान आणि एखादं मोठं चित्र यांचे फोटो पाठवा. सज्जन विक्रेता पाठवतो. न पाठवणाऱ्याकडून घेत नाही. १९४७ किंवा १९५९च्या पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक असूच शकत नाही, कारण तेव्हा ती पद्धतच नव्हती. विक्रेत्यानं तसा क्रमांक दिला असेल तर ते पुनर्मुद्रण आहे. पुनर्मुद्रण वाईट असतं असं नाही, चांगल्या प्रकाशकाचं असलं तर ते हातात धरायलाही सोयीचं. फक्त पहिल्या आवृत्तीची किंमत त्याला देऊ नका.

परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून बेरीज करा. २०१९च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के शुल्क लागलं. मागवण्याच्या दिवशीचा दर आणि कुरिअरवाल्याचे वरचे आकार विचारून घ्या. जड ग्रंथाचा टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला गाठतो. दोघा-तिघांनी मिळून एक संच मागवला तर परवडतं. आम्ही तसंच केलं.

शस्त्राबद्दल थोडं

पुस्तकाला परवाना लागत नाही, रायफलीला लागतो. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५मध्ये पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे. पण ते शस्त्र दुरुस्त करूनही चालू शकणार नाही, अशाच अवस्थेतलं असावं लागतं. ते आपण ठरवायचं नसतं. घरात काही निघालं तर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी कळवा. हातात घेऊन चाप ओढून बघू नका. जुन्या पुस्तकांत काडतुसात दारू किती घालायची याचे आकडे असतात. ते काळ्या दारूच्या जमान्यातले आहेत, इतिहास म्हणूनच वाचा.

तो फोटो

टेंपल-स्केनर्टनचा पहिला भाग हाती आल्यावर आम्ही आमचा कागद काढला आणि एकेक ओळ पानांशी लावून पाहिली.

मार्टिनी-हेन्री रायफल सुमारे ४९ इंच लांब, आखूड कार्बाइन ३७-३८ इंचांची. फोटोत दस्ता जमिनीवर आहे आणि नळीचं टोक पणजोबांच्या काखेच्या जरा खाली येतं. कार्बाइन असती तर ते कमरेशी आलं असतं. म्हणजे पूर्ण लांबीची रायफल. मग नळीवरचं लाकूड. पॉइंट ३०३ काडतुसाच्या मार्टिनी-एन्फील्डला नळीच्या मागच्या भागावर, वरून, हाताला चटका बसू नये म्हणून लाकडी आच्छादन असतं. मोबाइलनं ‘थ्री नॉट थ्री’ का म्हटलं असेल याचा उलगडा इथं झाला. ते उत्तर अगदीच हवेतलं नव्हतं, मार्टिनी त्या काडतुसाच्याही होत्या. पण आमच्या फोटोत भिंगाखाली नळी वरून उघडी आहे. शेवटी तरफ. मार्क ४ ची तरफ लांब, आधीच्या मार्कांची आखूड. फोटोतली आखूड.

मार्क १, २ की ३ हे बाजूच्या शिक्क्यांवरून कळलं असतं. मार्टिनीच्या उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली राणीची व्ही आर अक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मार्कचा आकडा असतो. हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाखाली ‘आय’ हे अक्षर ठोकलेलं असे. नेमकं तिथंच पणजोबांच्या बाहीची सावली पडली आहे.

भाच्यानं एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं : ‘मार्टिनी-हेन्री, पूर्ण लांबीची. मार्क ४ नव्हे. नळी आतून आट्यांची की गुळगुळीत, फोटोवरून ठरत नाही.’ त्याखाली ग्रंथाचं नाव, भाग, पान क्रमांक. कागदाची घडी घालून त्यानं तो फोटोसोबत पाकिटात ठेवला आणि पाकिटावर तारीख टाकली.